पातेऱ्याला काडी लावण्यापूर्वी

दिवाळी सरली आणि पावसाची ओल जमिनीतून उतरू लागली, की गोव्याच्या गावागावांतून तिन्हीसांजेला धुराचा एक पट्टा माडांच्या कमरेशी टेकून राहिलेला दिसू लागतो. कुणी परसातला पातेरा झाडून पेटविलेला असतो, कुणी आंब्या-फणसाच्या छाटलेल्या फांद्या वईच्या कडेला रचून त्यांना काडी लावलेली असते. पुढे काजूच्या बागा साफ करण्याचे दिवस येतात. गळालेली बी नजरेस पडावी म्हणून झाडांखालचे रान मारले जाते आणि तेही पुष्कळ ठिकाणी अग्नीच्याच स्वाधीन होते. एप्रिल-मे महिन्यांत वीजतारांना अडणाऱ्या फांद्या तोडल्या जातात, त्या रस्त्याच्या कडेला वाळत पडतात आणि एके रात्री त्यांचाही धूर होतो. या सर्व व्यवहाराला आपण 'साफसफाई' असे गोंडस नाव दिले आहे. या साफसफाईत आपल्या डोंगरउताराच्या जमिनीचे भांडवल दरसाल जळून जात आहे, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

फांदीला आणि पानाला 'कचरा' ही पदवी मिळून फार काळ लोटलेला नाही. घरात चूल होती तोवर वाळकी काटकी अंगणात पडून राहणे शक्यच नव्हते. न्हाणीतल्या भाणाखाली ती जळे, स्वयंपाकाला ती लागे. झावळ्या विणून मांगराला आणि भिंतींना पावसाचा आडोसा केला जाई. पोफळीच्या विरीचे दहा उपयोग होते. पातेरा टोपल्या भरभरून गोठ्यात जाई, गुरांच्या पायांखाली कुजे आणि शेणामुताने समृद्ध होऊन शेतात परते. मग घरोघरी गॅस आला, दूध पिशवीतून येऊ लागले, गोठे ओस पडले, आणि जी वस्तू चार ठिकाणी मागितली जात होती तिला गिऱ्हाईक उरले नाही. झाडे मात्र पूर्वीइतकीच पाने ढाळतात आणि फांद्या पूर्वीइतक्याच वाढवितात. माणसे कमी, मजुरी जड. तेव्हा सर्वांत स्वस्त मजूर म्हणून आगपेटी पुढे आली. हे कारण नीट ध्यानी घेतल्याखेरीज केवळ 'जाळू नका' असा उपदेश करण्यात काही हशील नाही.

या पानाफांद्यांचे करावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. फोंडे, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील कुळागरे ते उत्तर पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहेत. पोफळ, माड, केळ, मिरवेल, जायफळ, अननस अशी माळ्यावर माळा रचलेली ती बाग आपल्याच पानांचे अंथरूण अंगाखाली घेऊन वाढते. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, जो १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, सुपारीच्या बागायतदारांना पाल्यासाठी डोंगराचे राखीव तुकडे तोडून दिलेले होते. त्यांना तेथे 'बेट्ट' म्हणतात. एका एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्ट, असे ते प्रमाण होते. पानांवाचून बाग जगत नाही, ही गोष्ट परक्या सरकारच्या महसूल खात्यासही मान्य करावी लागली होती! अर्थात या व्यवस्थेला एक काळी बाजू आहे. बागेसाठी डोंगर ओरबाडला की बाग हिरवी राहते आणि डोंगर भुंडा होतो. कोकणात भाताच्या तरव्यासाठी ऐन-किंजळीची कवळ तोडून राब भाजण्याचा जो प्रघात होता, त्याचीही गत तीच. म्हणून आमचा आग्रह नेमका हा आहे, की ज्या जमिनीत फांदी वाढली, तिची छाटणी शक्यतो त्याच जमिनीवर राहावी. रानाकडून उसने आणू नये आणि आपले धुरावाटे घालवू नये.

बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन या दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९७८ साली एका ग्रंथाद्वारे 'पर्माकल्चर' हा शब्द रूढ केला. एकदा बसविली की स्वतःचे स्वतः भागविणारी, बहुतांशी वृक्षवेलींची बाग, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. झाड छाटावे आणि छाटलेले तिथेच बुंध्याभोवती पसरावे, हे त्या पद्धतीचे एक नित्यकर्म होय. नोव्हेंबर २०१७ मध्ये या विचाराच्या लोकांचा जागतिक मेळावा हैदराबादेस भरला होता. आपल्या किनाऱ्यावर हा शब्द आता पाहुण्यांच्या तोंडी बराच ऐकू येतो, आणि ज्यांच्या आज्याने कुळागर लावले ते मात्र त्याच वेळी पातेरा जाळीत असतात. हा विनोद आम्हास फारसा रुचत नाही.

शास्त्र पाहिले तर ते अवघड नाही. फांद्या जाळल्या की राखेत पालाश आणि चुना उरतो. नत्र जवळजवळ सारे हवेत जाते. आपली जांभी माती आम्लधर्मी असल्यामुळे थोडी राख तिला मानवते, हे खरे. परंतु गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उघड्या उतारावरची ती राख पहिल्या दोन सरींत ओहोळाला मिळते आणि तिच्याबरोबर मातीचा वरचा थरही जातो. तोच उतार पानाफांद्यांनी झाकलेला असेल, तर थेंबाचा मार पानावर बसतो, पाणी अडखळत चालते आणि जमिनीत मुरते. पुढे नोव्हेंबरपासून मेपर्यंत जवळजवळ सात महिने कोरडे जातात. त्या काळात हेच पांघरूण जमिनीची ओल धरून ठेवते आणि तण दाबते. त्याखाली गांडुळे नि बुरशी आपापले काम करीत राहतात. जांभ्या जमिनीत सेंद्रिय अंश टिकणे मुळातच कठीण. उष्णता आणि पाऊस मिळून तो झपाट्याने खाऊन टाकतात. त्यामुळे तो दरसाल भरून काढावाच लागतो.

भांडवल किती, याचाही हिशेब करून पाहावा. माड साधारणपणे महिन्याला एक झावळी टाकतो. हेक्टरी पावणेदोनशे माड धरले, तर वर्षाला दोन हजारांहून अधिक झावळ्या झाल्या. एकीचे वजन तीन किलोच्या आसपास धरले तरी सहा टन भरतात. नारळाचे सोडण यात आलेलेच नाही. सोडणे माडांच्या ओळींमध्ये चर खणून, पोकळ बाजू वर करून पुरावीत, म्हणजे ती वजनाच्या कित्येक पट पाणी धरतात आणि अनेक वर्षे पुरतात, अशी शिफारस कृषिसंशोधक फार पूर्वीपासून करीत आले आहेत. तरीही ती खतासाठी ठेवणारे बागायतदार थोडे आणि धूर करणारे फार, असे चित्र दिसते.

फांद्या कठीण असतात, लवकर कुजत नाहीत, ही तक्रार आम्ही जाणतो. तिचे उत्तर इंदुरास एका शतकापूर्वीच शोधले गेले होते. आल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते, आणि त्यांचे रसायनशास्त्रातील सहकारी होते यशवंत वाड. या दोघांनी १९३१ साली शेतीतील टाकाऊ मालावर जो ग्रंथ लिहिला, त्यातून 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पऱ्हाट्यांसारखी लाकडी धाटे त्यांनी शेतातल्या रस्त्यांवर पसरली. बैलगाड्यांची चाके त्यांवरून जाऊन ती चिरडली जात आणि मग त्यांचे खत होई. यंत्र नाही म्हणून हात जोडून बसणाऱ्यांनी ही युक्ती मनात धरावी. आज बैलगाडी नसली तरी कोयता आहे. आच्छादनासाठी तर खताच्या ढिगाइतकेही कष्ट नकोत. हातभर तुकडे करावेत, जाड फांद्या खाली उताराला आडव्या टाकाव्यात, त्यांवर पाने पसरावीत. मात्र लाकडाचा चुरा मातीत मिसळू नये. तो कुजताना मातीतलेच नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. पृष्ठभागावर राहिला तर हा उपद्रव फारसा होत नाही. गिरिपुष्पाचा कोवळा पाला, फुलावर येण्यापूर्वी कापलेली रानमोडी यांसारखे हिरवे साहित्य वरून घातले, की सुक्याला कुजण्यास बळ मिळते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या 'प्रयोग परिवारा'तून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हेच सांगितले: पानावर पडलेले ऊन हीच शेतकऱ्याची पहिली कमाई, ती शेताबाहेर जाऊ देऊ नये.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत खरा आक्षेप जनावराचा. घराभोवती पातेरा साचला की त्यात घोणस येऊन पडते, ही भीती काल्पनिक नाही. घरात लहान मुले असणाऱ्यांनी अंगण आणि पायवाटा स्वच्छ ठेवाव्यातच. पण अंगणातला पातेरा झाडून दूरच्या माडाच्या आळ्यात नेण्यास तो जाळण्याहून फार तर चार फेऱ्या अधिक पडतात. दुसरा आक्षेप रोगाचा. कोळेरोगाने गळालेल्या सुपाऱ्या आणि मेलेले शेंडे, पोखरकिडीने ग्रासलेले काजूचे खोड, हे आच्छादनात येता कामा नये. ते वेगळे काढून नष्ट करणेच इष्ट, आणि आगीचा योग्य उपयोग तो हाच. कुजकट मालाचे मोठे ढीग माडाशेजारी वर्षानुवर्षे ठेवले तर गेंड्या भुंग्याची पैदास होते. यासाठी ढीग न करता पातळ पसरावे. आच्छादन बुंध्याला चिकटवू नये, वीतभर जागा मोकळी सोडावी, नाही तर पावसाळ्यात साल कुजते आणि पुढे वाळवी लागते. बिया धरलेल्या सुबाभळीच्या वा अकेशियाच्या फांद्या तर बागेत आणूच नयेत. पुढल्या पावसाळ्यात त्यांचेच रान उगवलेले दिसेल.

राहिला वणव्याचा प्रश्न. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या डोंगरांत दिवसचे दिवस आगी धुमसत होत्या, ते कुणी विसरलेले नाही. सुक्या पानांचा थर उन्हाळ्यात पेट घेऊ शकतो, यात शंका नाही. म्हणून रस्त्यालगत आणि रानाच्या सीमेवर काही हात रुंदीचा पट्टा मोकळा ठेवलाच पाहिजे. परंतु पाचोळा पेटेल म्हणून तो आधीच पेटवून द्यावा, या युक्तिवादाची आम्हास गंमत वाटते. बागेच्या सफाईसाठी लावलेली आग वाऱ्याबरोबर हद्द ओलांडते, आणि मग डोंगराची राखण करण्यास सारी सरकारी यंत्रणा धावते.

व्यक्तीने काय करावे हे सांगून झाले. सरकारी खात्यांनी काय करावे हेही सांगितले पाहिजे. केंद्राने २०१६ साली काढलेल्या घनकचरा नियमांनी बागेतला पालापाचोळा वेगळा ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली होती आणि रस्त्यावर तो जाळण्यास मनाई केली होती. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. दंडाची पावती मात्र कुणी पाहिल्याचे आमच्या कानावर नाही, आणि खरे सांगायचे तर गरीब बागायतदाराकडून ती वसूल व्हावी असेही आम्हास वाटत नाही. त्याला पर्याय हवा. विभागीय कृषी कार्यालयात फांद्या बारीक करणारे एकेक फिरते यंत्र असावे आणि ट्रॅक्टरप्रमाणे ते भाड्याने, पाळीपाळीने वाड्यांवर जावे. कृषी खाते यंत्रांवर अनुदान देतेच. गवत कापण्याच्या यंत्राला जी उदार वागणूक मिळाली ती याही यंत्राला मिळावी. काजूच्या बागेत जाळण्याऐवजी कापून पसरणाऱ्यास दोन वर्षे मजुरीचा काही हिस्सा द्यावा. वणवे विझविण्यावर होणाऱ्या खर्चापुढे तो किरकोळ ठरेल.

दुसरे काम वीज खात्याचे आणि पंचायतींचे. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा ठेका देताना, फांद्या जवळच्या मागेल त्या बागेत पोचत्या कराव्यात, ही एक अट घालण्यास नवा कायदा लागत नाही. पंचायतीने फक्त मागणाऱ्यांची नावे आधी लिहून ठेवावीत आणि फांद्यांत प्लॅस्टिक मिसळू न देण्याची काळजी घ्यावी. छाटणीची कामे एप्रिलात हातघाईवर येतात, तेव्हा ही यादी त्यापूर्वीच्या ग्रामसभेतच तयार झाली पाहिजे. पंचायतीच्या सूचनाफलकावर तेवढ्यापुरती जागा निश्चित आहे.