मर्फीचं पोट रिकामं करू नका!

तानसाच्या घरी आबांचा व्हॉल्व्हचा मर्फी आहे. नॉब फिरवला की नुसती खरखर. शहापुरात एक दुकानदार म्हणाला, "आतलं सगळं काढ, ब्लूटूथ किट टाकून देतो." रील्सवरही हेच चाललंय. मला हे अजिबात पटत नाही.

अशी खरखर बऱ्याचदा बँड स्विचची असते. त्याच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पट्ट्या काळ्या पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवायचा, बस्स. पॉलिश पेपर नको, मुलामाच निघतो. व्हॉल्यूमच्या मागचा ऑन-ऑफ स्विच मात्र वेगळा. त्यातून थेट २३० व्होल्ट जातात. तो झिजला तर बदलाच, तिथे भावनिक होऊ नका. (आमच्याकडे कुणीतरी वायरी पिळून तो बायपासच केला होता!) आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा जाणकार माणूस सोबत हवाच.

मर्फीचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. मुंबईचा आवाज आबांकडे आला तो याच डब्यातून.

परवा मीडियम वेव्हवर बातम्या लागल्या. आबा म्हणाले, "हळू कर रे, आजी झोपलीय."