कोडला हात न लावता क्लाउडफ्लेअर दोनदा कसं पडलं?

१८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास एक्स आणि चॅटजीपीटी उघडेनासे झाले. मग ५ डिसेंबरला, शुक्रवारी भर बाजाराच्या वेळेत, झेरोधा आणि ग्रो अडकले. दोन्ही वेळा मधला दुवा क्लाउडफ्लेअर. जगातल्या साधारण पाचपैकी एका वेबसाइटच्या दारात ही कंपनी पहारेकऱ्यासारखी उभी असते. तुम्ही पहूरच्या बस स्टँडवर फोन उघडा नाहीतर लंडनमध्ये, या साइट्सकडे जाणारी विनंती आधी तिच्याकडेच जाते.

बातम्यांमध्ये 'तांत्रिक बिघाड' एवढंच आलं. पण दोन्ही वेळा निमित्त नव्या कोडचं नव्हतं, चालू कोडला बाहेरून दिलेल्या माहितीचं होतं. आम्ही इंजिनिअर तिला कॉन्फिगरेशन म्हणतो.

आमच्या गावातल्या पिठाच्या गिरणीसारखं समजा. गिरणी तीच, वरून गहू टाका की ज्वारी. दळण बदललं म्हणून कोणी गिरणी खोलत नाही. क्लाउडफ्लेअरच्या सॉफ्टवेअरला जोडलेला एक भाग माणूस कोण आणि बॉट कोण हे ओळखतो. बॉट सारख्या चाली बदलतात, त्यामुळे त्यांना ओळखायच्या खुणा कोडमध्ये पक्क्या लिहून चालत नाही. त्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. ही फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने बनते, जगभरच्या सर्व्हरवर पोचते आणि चालू प्रोग्राम ती वाचतो. पद्धत चांगलीच आहे. दर वेळी नवा कोड टाकत बसलं तर बॉट कधीच पुढे निघून जातील.

त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल झाला आणि त्याच ओळी फाइलमध्ये दोनदा येऊ लागल्या. एरवी साधारण ६० खुणा वापरात असायच्या, मर्यादा होती २००. ती ओलांडली गेली. प्रोग्रामने काय करायला हवं होतं? ही फाइल नाकारून जुनीवर काम चालू ठेवायला हवं होतं. तो बंदच पडला. गंमत म्हणजे, परवानग्यांचा बदल डेटाबेसच्या सगळ्या भागांत अजून पोचला नव्हता, म्हणून कधी चांगली फाइल बनायची, कधी खराब. साइट्स मध्येच सुरू, मध्येच बंद. इंजिनिअरांना आधी सायबर हल्ल्याचा संशय आला. शेवटी नवी फाइल बनणं थांबवून जुनी चांगली फाइल टाकली, तेव्हा रात्री आठपर्यंत बहुतेक कारभार सुरळीत झाला.

म्हणजे खडा घरच्याच दळणात होता. फॉर्ममध्ये तुम्ही वय उणे पाच लिहिलंत तर कोणतंही बरं ॲप ते घेणार नाही, कारण तुमच्यावर त्याचा विश्वास नसतो. पण कंपनीच्याच सर्व्हरवरून आलेली फाइल मात्र आपलीच म्हणून न निवडता आत घेतली जाते. माझ्या मते खरी चूक इथे आहे. आता आपल्या फाइलीही बाहेरच्या माहितीइतक्याच कडकपणे तपासू, असं क्लाउडफ्लेअरने नंतर जाहीर केलं.

पण ५ डिसेंबरला दुसरीच फट उघडी राहिली. एक अंतर्गत साधन बंद करणारी सेटिंग काही सेकंदांत सगळीकडे पसरली, कारण त्या यंत्रणेत आधी थोड्या सर्व्हरवर बदल करून पाहायची सोयच नव्हती. सुमारे २५ मिनिटं तिच्याकडच्या २८ टक्के वाहतुकीला फटका बसला.

क्राउडस्ट्राइकचं १९ जुलै २०२४ चं प्रकरण आठवतंय? हाताने लिहिलेले बोर्डिंग पास? तिथेही नवा प्रोग्राम नव्हता, माहितीची छोटी फाइल होती. २१ रकान्यांची अपेक्षा, हातात २०. सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोसळले.

तुमच्या फोनमध्येही हेच चालतं. गूगलच्या फायरबेस रिमोट कॉन्फिगसारख्या सेवेतून ॲप सेटिंग मागवतं, म्हणून ऑटो-अपडेट बंद असलं तरी एखादं बटण रातोरात गायब होऊ शकतं. अपडेट न करता ॲप अचानक बिघडलं, तर लगेच अनइन्स्टॉल करू नका, त्यात ऑफलाइन ठेवलेलं बरंच काही जातं. आधी दुसऱ्या कोणाचं चालतंय का ते विचारा, थोड्या वेळाने ॲप पूर्ण बंद करून उघडा. पैशांचं ॲप असेल तर पर्यायी रस्ता आधीच माहीत हवा. ५ डिसेंबरला झेरोधाने ग्राहकांना व्हॉट्सॲपवरचा काइट बॅकअप वापरायला सांगितलं. ज्यांनी तो आधी कधी उघडलाच नव्हता, त्यांना तो चालू बाजारात शोधावा लागला.