असूनही

परवा बेळगावला जाणे झाले. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपासून थोड्या अंतरावर माझ्या मावशीचे घर होते. मावशी गेली, घर विकले गेले आणि तिचा सागवानी देव्हारा मी मागून घेतला. चोर्ला घाटाच्या वळणांवर, टेंपोत देव्हाऱ्याला हात देऊन बसलो असताना तो घडवणाऱ्या मेस्त्रींची आठवण येत राहिली. त्यांच्याविषयी मी चारचौघांत बोललेला एक शब्दही आठवत राहिला. तो शब्द मागे घेण्यासाठी हा लेख.

मेस्त्री मूळचे आमच्या बार्देशातले. वडील कॅम्पात सुतारकामाला म्हणून गेले आणि तिथलेच झाले. गोव्यातल्या किरिस्तांवांना बेळगाव कधी परके नव्हते. १९५३ साली बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तोवर त्या भागातला बराच मुलूख गोव्याच्या आर्चबिशपच्याच अखत्यारीत होता. मेस्त्री घरात कोंकणी बोलत, दुकानात मराठी आणि लाकडाच्या वखारीत कानडी. ‘मेस्त्री’ हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच मराठीत आलेला. सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने हाक मारी. त्यांचे खरे नाव मी पहिल्यांदा वाचले ते त्यांच्या निधनाच्या सूचनेत. घरच्यांना विचारलेले नाही, म्हणून ते इथे लिहीत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत कदंबच्या बसने मावशीकडे गेलो की माझी दुपार मेस्त्रींच्या दुकानात जायची. रंध्यातून निघणारी साल गोळा करायची आणि सरसाचा वास घ्यायचा, एवढेच माझे काम. मेस्त्री फारसे बोलत नसत. त्यांचा वायदा मात्र इतर सुतारांसारखाच असे. ‘शनिवारी देतो’ म्हणत, पण कोणत्या शनिवारी ते सांगत नसत. गिऱ्हाईक चिडे, तरी पुन्हा त्यांच्याकडेच येई. सांधा उघडला, दार अडकले, अशी तक्रार घेऊन त्यांच्याकडे सहसा कुणाला जावे लागत नसे.

संध्याकाळी सात वाजता दुकान बंद. बायको आणि तीन मुलांना घेऊन ते तेर्साला बसत. त्या वेळात कुणी आले तर बाहेरच्या बाकावर थांबायचे, हा नियम अख्ख्या गल्लीला ठाऊक होता. आसपासचे सुतार खंडेनवमीला हत्यारे पुजत. मेस्त्री १९ मार्चला, सां जुझेच्या फेस्ताला, पटाशा-करवतींना धार लावून तेल देत आणि मीसाला जात. सां जुझे सुतार होता, हे त्यांनी मला दोन-तीनदा तरी सांगितले असेल. कुणा गरिबाची शवपेटी करायची असली तर लाकडाचे पैसे घेत, मजुरी घेत नसत.

देव्हाऱ्याची गोष्ट साधारण १९९० ची. मावशीने सोमवारचा मुहूर्त काढला होता आणि शनिवारी रात्री काम अर्धे राहिले होते. मावशी स्वतः दुकानात गेली.

‘‘मेस्त्री, उद्या बसून पुरं करा की.’’

‘‘वहिनी, उद्या आयतार. उद्या रंधा धरणार नाही.’’

‘‘अहो, देवाचंच काम की हे!’’

‘‘देवाचं आहे म्हणूनच सांगतो. सुट्टी त्यानंच दिलीय.’’

मुहूर्त टळला. मावशी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग देव्हारा आला आणि तिने बोलणेही सुरू केले. आजही त्याच्या बिजागरीचा आवाज होत नाही.

मेस्त्री गेले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी छोटीशी शोकसभा घेतली. मी योगायोगाने तिथे होतो. बी.ए. झालेला, चार ओळी लिहिणारा, म्हणून मला बोलायला लावले. मी देव्हाऱ्याची गोष्ट सांगितली, आयताराचा भाग गाळून. शेवटी म्हणालो, ‘‘मेस्त्री ख्रिश्चन असूनही आपलेच होते.’’ लोकांनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर त्यांची मुलगी जवळ आली. शांतपणे म्हणाली, ‘‘दादा, असूनही कशाला? पप्पा जसे होते तसे ख्रिश्चन होते म्हणूनच होते.’’

मला उत्तर सुचले नाही.

हा शब्द माझ्या तोंडी आला कुठून? आमची पिढी १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वादात वाढली. मराठी हिंदूंची आणि कोंकणी किरिस्तांवांची, अशी सोपी वाटणी तेव्हा मनात बसली. मग मराठी बोलणारा ख्रिस्ती भेटला की आपण कौतुकाने ‘असूनही’ म्हणतो. फादर स्टीफन्सच्या बाबतीतही हेच. १६१६ साली रायतूरला छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणातल्या मराठीच्या थोरवीच्या ओव्या प्रत्येक व्यासपीठावर म्हणतो. तो हजारो ओव्यांचा ग्रंथ त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगायला रचला, त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाबा पद्मनजी तर बेळगावचेच. १८३१ साली कासार कुटुंबात जन्मले, १८५४ साली ख्रिस्ती झाले. त्यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण मिरवतो आणि यमुना शेवटी ख्रिस्ती होते हे हळूच वगळतो. भाषा आपली म्हणून ठेवायची, श्रद्धा बाजूला काढायची. मी मेस्त्रींच्या बाबतीत तेच केले. देव्हारा घेतला, आयतार टाकून दिला.

ख्रिस्ती आहे म्हणून प्रत्येक सुतार प्रामाणिक असतो असे मला म्हणायचे नाही. हिंदू आहे म्हणून प्रत्येक कारकून प्रामाणिक असतो असे तरी कुठे आहे? पण ह्या एका माणसाचे काम, त्याचे घर आणि त्याची प्रार्थना वेगळी काढता येत नव्हती. ज्या श्रद्धेपायी त्यांनी मावशीचा राग ओढवून घेतला, तीच श्रद्धा शवपेटीची मजुरी घेऊ देत नव्हती. त्यांना ‘सर्वधर्मसमभावाचे प्रतीक’ म्हणणे सोपे आहे. पण प्रतीक केले की त्या माणसाचा हट्ट, त्याचा नकार, त्याचा देव, सारे पुसले जाते आणि उरतो तो फक्त आपला मोठेपणा. ‘आपलेच’ म्हणवून घेण्यासाठी मेस्त्रींना कशातूनही सूट नको होती. ते त्या गल्लीतलेच होते.

असो. देव्हारा आता घरी आला आहे. भिंतीला बसवायला इथला सुतार रविवारी येतो म्हणाला, मला सुट्टी असते म्हणून. मी त्याला सोमवारी बोलावले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.