चुलीखालची जमीन

रुग्णाची हकिकत लिहून घेताना तंबाखू, विडी आणि मद्य यांची विचारणा आपण सहसा चुकवीत नाही. परंतु ‘घरात चूल कोठे आहे, ती कशावर मांडली आहे?’ हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? मीही विचारीत नसे. एका हिवाळ्यात खानापूरकडील चार वर्षांच्या मुलाला भाजलेल्या अवस्थेत आणले गेले. त्याची आजी म्हणाली, “फरशी फाटदिशी फुटली आणि हंडा कलंडला बघा.” जखमा भरल्या, मूल घरी गेले. ते त्याच चुलीपाशी गेले, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस खेडोपाडी पोहोचला, हे मोठेच कार्य झाले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे सुमारे ४३ टक्केच होती. आपल्या भागातही चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी लाकडावर, अशी वाटणी अनेक घरांत दिसते. नव्या घराच्या चकचकीत स्वयंपाकघरात चुलीला जागा नसते. मग ती मागील दारी पत्र्याच्या आडोशाला, बांधकामातून उरलेल्या फरशीच्या तुकड्यावर मांडली जाते.

दोष नेमका येथे आहे. शहाबादी व कडप्पा हे चुनखडीचे दगड. विस्तव थेट त्यांवर पेटला की एक भाग तापून फुगतो, शेजारचा थंडच राहतो, आणि दगड तडकतो. ग्रॅनाइटमधील गारेचे कण सुमारे ५७३ अंश सेल्सिअसला एकाएकी प्रसरण पावतात. काँक्रीटमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन कपच्या उडतात. पूर्वीच्या बायका शेणामातीने सारवलेल्या जमिनीवर चूल घालीत, त्यामागे अनुभवाचे शहाणपण होते. मातीला भेग पडली तरी ती फुटून उडत नाही आणि दुसऱ्या दिवशी लिंपता येते.

परंतु जमिनीवरची चूल रांगत्या मुलाच्या हाताशी येते आणि घरातील स्त्रीला तासन्‌तास धुरात वाकून बसविते. म्हणून माझे मत असे, की चूल ओट्यावर असावी. पाया आपल्याकडील जांभ्याचा चालेल. वर भाजक्या विटांचा सपाट थर आणि त्यावर भाताचा तूस कालवलेल्या मातीचा दोन-तीन इंचांचा लेप द्यावा. तोंडापुढे किमान दीड फूट तशीच मोकळी जागा ठेवून कडेला बोटभर उंचवटा करावा, म्हणजे निखारा खाली घरंगळणार नाही. आंघोळीच्या पाण्याचा हंडा मात्र उंचावर नको. भरलेला हंडा उतरविणे हाच अपघात. त्यासाठी तोटीचा बंब बरा.

एवढ्याने धूर जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात धुराड्याच्या चुली घरोघर बसविल्या गेल्या. पण देखभालीअभावी अनेक ठिकाणी त्या निकामी झाल्या. खरा उपाय स्वच्छ इंधन हाच आहे, आणि चांगला ओटा ही गॅस न घेण्याची सबब होता कामा नये. मात्र गॅसचा सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडत नाही तोवर चूल पेटणारच. तोवर ती जिथे पेटते ती जागा तरी नीट असावी.

आपल्या सभासदांना माझी एकच विनंती आहे. खोकल्याच्या आणि भाजलेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी : चूल कोठे, कशावर? उत्तर ऐकून दोन मिनिटे बोलावे. शक्य तर गावच्या गवंड्याशीही बोलावे. जखम बरी करून मुलाला पुन्हा त्याच फरशीपाशी पाठविले, तर आपले काम अर्धेच झाले असे मी मानतो.