बेरीज उतरली म्हणजे मन सावरलं?

लकवा येऊन गेलेल्या माणसाची प्रगती मोजायला घरात सगळे तयार असतात. आज किती पावलं चालले, मूठ वळली का, बीपी किती, शुगर किती. मन मात्र कुठल्याच रकान्यात नसतं. "हल्ली फार चिडतात" एवढीच काय ती नोंद, तीही फोनवर. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे नैराश्य येतं, असं बरेच अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं आहे. "एवढं दुखणं झाल्यावर वाईट वाटणारच की!" हे आपलं ठरलेलं उत्तर. अहो, वाटणारच. पण सूज येणारच म्हणून कोणी पाय बघायचा सोडतं का?

बरं, मोजायचं कशाने? पीएचक्यू-९ नावाची एक प्रश्नावली खूप वापरतात. प्रश्न नऊ, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. सोपी आहे, फुकट आहे, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण ती नीट वाचा. झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं, हालचाल किंवा बोलणं मंदावणं. नवातले हे पाच प्रश्न असे, की त्यांची उत्तरं मेंदूतली ती गाठसुद्धा देऊ शकते! उदास नसलेला माणूसही कागदावर १५ पर्यंत जाईल.

आणि खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. पाच गुणांचा फरक पडला की सुधारणा झाली असं धरतात. आता बघा, झोप सुधारली, ३ चा १ झाला. थकवा ३ चा २. हालचाल मोकळी झाली, ३ चा १. झाले की पाच गुण! मनाला कोणी हातही लावला नाही आणि फाइलीत शेरा पडला, नैराश्यात सुधारणा.

म्हणून माझं म्हणणं असं, की नुसती बेरीज लिहू नका, नऊही उत्तरं लिहा. कशात रस वाटत नाही आणि उदास वाटतं, हे पहिले दोन प्रश्न वेगळे बघा. मरणाच्या विचारांचा नववा प्रश्न तर बेरजेत गाडूच नका. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

आमच्या काकांना हे प्रश्न विचारले गेले तेव्हा काकू, दोन्ही मुलं आणि एक शेजारी खोलीत होते. काका म्हणाले, "छान आहे." दुसरं काय म्हणणार? आणि आपली मोठी माणसं 'मी उदास आहे' असं कधी म्हणतात? ती म्हणतात, करमत नाही. जीव रमत नाही. विचारणाऱ्याने ते ऐकायला हवं.

ज्यांची वाचाच गेली त्यांचं काय? त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये १९९८ साली एक प्रश्नावली झाली, ती सांभाळणाऱ्या माणसाने भरायची. रडू फुटतं का, नजर टाळतात का, काही न करता बसून राहतात का. मला ही फार आवडली, कारण काकूंना हे सगळं आधीच ठाऊक असतं, कोणी विचारत नाही इतकंच. अर्थात भरणारा स्वतःच थकलेला असला तर त्याची छाया उत्तरांवर पडणार. म्हणून दर वेळी भरणारा माणूस एकच असावा.

"मग सगळ्यांना गोळीच सुरू करा ना," असं एका नातेवाइकांनी सुचवलं. ते करून पाहिलंय. फोकस नावाच्या ब्रिटिश चाचणीत (निष्कर्ष २०१८चे) ३१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्सेटिन दिलं. नैराश्य थोडं कमी लोकांना आलं, हातापायांच्या कामात फरक पडला नाही, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. तेव्हा सरसकट नाही. ज्याला गरज आहे त्याला जरूर, डॉक्टरांना विचारून. आणि ती गरज आहे की नाही हे एकदा घरी सोडताना, मग महिन्याने, तीन महिन्यांनी, असं त्याच प्रश्नांनी पुन्हा पुन्हा बघावं लागतं. पुढच्या तपासणीला जाताना मागचा कागद सोबत न्या, डॉक्टरांनी मागितला नाही तरी.