करार कशाचा?

मागच्या वर्षी, अकरावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर, लॅबमधल्या एका संगणकाची हार्ड डिस्क गेली. चार कॅडेट्सचे प्रोजेक्ट त्याच डिस्कवर होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती. चौघांत मीही होतो. वार्षिक देखभाल करार होता. दोन दिवसांनी माणूस आला, नवी डिस्क बसवली, सही घेऊन गेला. प्रोजेक्ट गेले ते गेलेच. करार यंत्राचा असतो, आतल्या मजकुराचा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

आता करार पुन्हा करायची वेळ आली आहे. माझ्या मते सरसकट सगळ्या संगणकांसाठी तो करू नये.

वर्षभर लॅबचं बिघाडाचं रजिस्टर मी लिहितोय. बहुतेक नोंदी किरकोळ. 'नुसता बीप वाजतो': रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या की चालू. 'तारीख चुकते': मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, घड्याळवाल्याकडेही मिळतो. 'आपोआप बंद होतो': पंख्यात धूळ. भाग बदलावे लागले ते एसएमपीएस आणि डिस्क एवढेच. सगळ्यात आधी दम तोडते ती यूपीएसची बॅटरी, आणि आमच्या करारात नेमकी तीच वगळलेली आहे. (बारीक अक्षरं मी आता वाचतो.)

तंत्रज्ञ नियमित येतो म्हणून डिस्क वाचते, असंही नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कच्या स्वतःच्या तपासणी-नोंदींत आधी बिघाडाची एकही खूण नव्हती.

एनसीसीत रायफलमधून चिंदी आपण ओढतो, त्यासाठी आर्मररला बोलवत नाही. तो लागतो मोठ्या कामाला. तसाच सर्व्हर आणि नेटवर्कचा करार जरूर ठेवावा; ते बसले की सगळी लॅब बसते, आणि तिथे हात घालण्याइतकं आम्हाला येत नाही. वॉरंटीतल्या संगणकांना कराराची गरजच नाही. उरलेल्या पैशांत दोन एसएमपीएस, दोन डिस्क आणि प्रती ठेवायला एक बाहेरची डिस्क घ्यावी.

सर म्हणतात, कॅडेट पास आउट होऊन जातो, करार राहतो. हे मात्र खरं आहे. म्हणून नववीतल्या दोघांना मी रॅम काढायला शिकवतोय. परवा एकाने ती उलटी बसवायचा प्रयत्न केला. मध्ये खाच असते म्हणून वाचली.