तुमचं पाणी कुठलं?

घरात फिश टँक येणार अशी नुसती कुणकुण लागली की टँकच्या आधी सल्ले येऊन पोहोचतात. पुण्याहून मावशीचा फोन येतो, टँक ईशान्येला ठेव. कोणी सांगतं, गोल्डफिश नऊ घ्या, आठ सोनेरी आणि एक काळा. घरावर येणारं संकट काळा मासा स्वतःवर घेतो. ईशान्येला माझी हरकत नसते. त्या कोपऱ्यात रेडिएटर आणि उन्हाची खिडकी नसली म्हणजे झालं. नऊ गोल्डफिशना मात्र आहे. साधा गोल्डफिश वीतभर वाढतो, आणि नऊ जणांना पुरेल एवढा टँक इथल्या दिवाणखान्यात ठेवायचा तर सोफा बाहेर काढावा लागेल.

तिसरा सल्लाही हमखास येतो. तो देणाऱ्याने स्वतः मासे पाळलेले असतात, म्हणून त्याला वजन असतं : नळाचं पाणी बादलीत रात्रभर ठेवायचं आणि सकाळी टँकमध्ये घालायचं. मुंबईत लहानपणी ज्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे आणले, त्यांना हा मंत्र पाठ आहे. मंत्र खराही आहे. पाण्यातला क्लोरिन उघड्या बादलीतून रात्रभरात बराचसा उडून जातो. पण लंडनच्या बऱ्याच भागांत नळाच्या पाण्यात नुसत्या क्लोरिनऐवजी क्लोरॅमिन असतं, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाची जोडगोळी. मैलोन्‌मैल पाइपांतून जाताना टिकून राहावी म्हणूनच ती वापरतात. ती एका रात्रीत बादलीतून काय उडणार? तिला दुकानातलं डिक्लोरिनेटरच लागतं, आणि तेही बाटलीवर क्लोरॅमिनचा उल्लेख असलेलं. दादरचा अनुभव घेऊन हॅरोत आलेला माणूस बादली भरतो, रात्रभर थांबतो आणि सकाळी माशांच्या कल्ल्यांना भाजणारं पाणी निर्धास्तपणे ओततो.

सगळी गोम इथे आहे. सल्ला देणाऱ्याला वाटतं की आपण माशांबद्दल बोलतोय. बऱ्याचदा तो आपल्या नळाबद्दल बोलत असतो.

शाळेत आपण दुष्फेन आणि सुफेन पाणी शिकलो होतो. साबणाला फेस येतो की नाही, एवढं परीक्षेपुरतं लिहिलं आणि विसरलो. या देशात आल्यावर किटलीने आठवण करून दिली. लंडनचं पाणी खडूच्या खडकांच्या प्रदेशातून येतं, त्यामुळे किटलीच्या तळाला बघता बघता पांढरी खपली धरते. मँचेस्टरला तीच किटली लख्ख राहते. तिथलं बरंचसं पाणी लेक डिस्ट्रिक्टमधून येतं. थर्लमिअरच्या तलावातून ९६ मैल लांबीच्या जलवाहिनीतून, नुसत्या उतारावर, १८९४ पासून ते वाहत आलेलं आहे. तिकडचा खडक पाण्यात फारसं काही सोडत नाही. चहाला ते उत्तम. माशांमध्ये म्हणाल तर गप्पी आणि मोली लंडनच्या पाण्यात सुखाने नांदतात, तर अमेझॉनच्या खोऱ्यातल्या निऑन टेट्रासारख्या माशांना मँचेस्टरचं पाणी माहेरासारखं.

हे आवडीनिवडीपुरतंच असतं तर त्यावर सदर लिहायची गरज नव्हती.

मँचेस्टरजवळ राहणाऱ्या आमच्या परिचयातल्या एक ताई आहेत. मुलगा विद्यापीठात गेल्यावर घरात काहीतरी हलतं-बोलतं राहावं म्हणून त्यांनी टँक घेतला, चार एंजल मासे आणले आणि दोन वर्षं ते छान वाढवले. मग मासे मलूल दिसायला लागले. खाणं कमी, कोपऱ्यात जाऊन उभे राहणं. त्यांनी हॅरोतल्या एका काकांना फोन लावला. काकांकडे वीस वर्षं टँक आहे, मंडळात मासे म्हटलं की त्यांचंच नाव पुढे येतं.

"शेवटचं पाणी कधी बदललंत?"

"खूप महिने झाले हो, काका."

"मग आजच्या आज निम्मं बदला."

काकांच्या घरी हा सल्ला शंभर टक्के बरोबर ठरला असता. ताईंनी संध्याकाळी निम्मं पाणी बदललं. डिक्लोरिनेटर घातलं, थंडगार पाणी जाऊ नये म्हणून तापमानही जुळवलं. सकाळी चारही एंजल तळाशी पडलेले होते.

झालं काय ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कोणाच्याही घरी होऊ शकतं. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि हे करताना पाण्यात आम्ल तयार होतं. लंडनच्या पाण्यात विरघळलेला चुना ते आम्ल जिरवत राहतो. मऊ पाण्यात जिरवायला फारसं काही नसतं, म्हणून महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही तर पीएच उतरत उतरत ६ पर्यंत, कधी त्याच्याही खाली जातो. तिथे जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. तरी मासे तगून राहतात, कारण आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियम या रूपात असतो आणि त्याचा उपद्रव फार कमी. पाणी २५ अंश असेल तर पीएच ६ ला विषारी रूपातला वाटा दहा हजारांत पाच-सहा भाग. पीएच ७.५ ला तोच वाटा शंभरात पावणेदोन, म्हणजे साधारण तीसपट. पाणी बदलल्याने निम्मा अमोनिया बाहेर गेला हे खरं, पण नळाच्या ताज्या पाण्याने पीएच वर खेचला आणि उरलेला निम्मा रातोरात विष झाला.

उपाय पाणी बदलणं हाच होता. फक्त रोज थोडं, दहावा हिस्सा वगैरे, आणि मध्ये मध्ये अमोनिया आणि पीएच तपासत. काकांनी आणखी एकच प्रश्न विचारला असता, पीएच किती आहे, किंवा नुसतं किटलीला खपली धरते का एवढं जरी विचारलं असतं, तरी सल्ला बदलला असता. काकांना कळलं तेव्हा ते खरंच हळहळले. "माझ्याकडे तर नेहमी निम्मं बदलतो," हे ते आजही सांगतात, आणि त्यात तसूभरही खोटं नाही.

मला चार माशांइतकंच वाईट वाटलं ते ताईंच्या पुढच्या वाक्याचं. "मला मासे जमत नाहीत," असं म्हणून त्यांनी टँक गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. दोन वर्षं जमलेच होते की!

इंग्रजांनी यावर एक साधी व्यवस्था काढली होती. गावोगावी मासे पाळणाऱ्यांचे क्लब. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, कोणी पिल्लं आणायची, कोणी पाणवनस्पती, शेवटी लिलाव आणि बेचव चहा. आता असे बरेच क्लब बंद पडले, काही चिवटपणे चालू आहेत. या क्लबांतली म्हातारी मंडळी काही फार मोठी विद्वान असायची असं नाही. पण त्यांचा सल्ला लागू पडायचा, कारण हॉलमधले सगळे एकाच नळाचं पाणी पिणारे. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराचंही तेच. त्याचे मासे आणि आपले मासे एकाच महापालिकेच्या पाण्यात. त्याने पाण्याबद्दल चकार शब्द न काढता दिलेला सल्लाही पाण्याला धरूनच असायचा. आपलं तसं नाही. आपण सल्ला मागतो नाशिकच्या मेव्हण्याकडे, स्लाउच्या मित्राकडे आणि न्यू जर्सीच्या वहिनींकडे. न्यू जर्सीचा गॅलनसुद्धा आपल्यापेक्षा लहान. तिकडचा पावणेचार लिटरचा, इथला साडेचारचा. औषधाच्या बाटलीवर गॅलनचा हिशेब असेल तर बाटली कुठल्या देशातली आहे ते पाहूनच थेंब मोजावेत.

चुकीचा सल्ला लवकर मरत नाही, याचंही कारण आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं बघा. माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात. कोणी सांगतं लसणाचा रस घाला, कोणी हळद, कोणी म्हणतं दिवे बंद ठेवा. आपण करतो, आणि चार दिवसांत ठिपके गायब! सल्ला देणाऱ्याचे आभार मानून होतात, तो पुढच्या दहा जणांना तेच सांगतो. वास्तविक ठिपके त्यांच्या वेळापत्रकाने गेलेले असतात. तो परोपजीवी मोठा झाला की माशाला सोडून तळाशी जातो, कोष करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर, कातडीखाली किंवा कोषात असलेल्यांवर नाही. म्हणून ठिपके गेल्यावरही औषध आठवडाभर तरी चालू ठेवायचं असतं. लसूणवाल्याकडे ठिपके परत येतात तेव्हा तो म्हणतो, "या वेळी पाणीच खराब होतं." ज्यांचे मासे मेले ते गप्प बसतात. ज्यांचे वाचले ते सांगत सुटतात, आणि आपल्यापर्यंत पोहोचतात ते फक्त हेच.

सल्ला घेणारेही काही कमी नसतात. "पाणी अगदी स्वच्छ आहे हो," हे पहिलं वाक्य. अमोनियाला रंग नसतो. पाणी काचेसारखं असेल आणि मासा गुदमरत असेल. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येते. काल फिल्टर नळाखाली घासून धुतला. परवा सहा नवे मासे आणले. पाहुण्यांच्या मुलांनी पावाचा तुकडा टाकला. काहीजण तर होकार मिळेपर्यंत विचारत राहतात. साठ लिटरच्या टँकमध्ये मिस केरळ ठेवू का, असं एकाने चौघांना विचारलं, तिघे नको म्हणाले, चौथा म्हणाला, "घे की, आपल्याकडचाच मासा आहे." आपल्याकडचा आहे यात शंका नाही. केरळ-कर्नाटकाच्या घाटांतला मासा तो, आणि २०१३ साली त्याच्या प्रजातीला शास्त्रीय नावही सह्याद्रीवरून दिलं गेलं : सह्याद्रिया. पण तो वाहत्या ओढ्यात झुंडीने पोहणारा, जवळजवळ वीतभर होणारा मासा. शिवाय निसर्गात तो धोक्यात आलेला. अभिमानाने साठ लिटरचे दोनशे होत नाहीत. आणि सर्वांत घातक म्हणजे पाच सल्ले मिळाले की पाचही एकाच संध्याकाळी अमलात आणणारे. मीठ, औषध, हीटर वाढवणं, फिल्टर धुणं आणि पाणी बदलणं. मासा वाचला तर कशाने, मेला तर कशाने, देवालाही सांगता यायचं नाही.

या सगळ्यात एक सल्ला मात्र मी डोळे मिटून देतो, कारण तो लंडन, मँचेस्टर, मुंबई सगळीकडे चालतो. नवा टँक लावताना एखाद्याच्या जुन्या, निरोगी टँकमधल्या फिल्टरचा स्पंज मागून आणा. आपल्या आया शेजारून विरजण आणायच्या ना, अगदी तसं. नव्या फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू आपसूक यायला महिना-दीड महिना सहज जातो. जुन्या स्पंजातून ते तयार येतात. तो नळाखाली धुवायचा नाही, वाटेत सुकू द्यायचा नाही, टँकच्याच पाण्यात बुडवून आणायचा आणि त्याच दिवशी लावायचा. पुढे विरजण लागलं की नाही ते दह्यासारखं बोट घालून कळत नाही, त्यासाठी टेस्ट किट घ्यावं. सुरुवातीला मासेही मोजकेच सोडावेत.

गंमत म्हणजे या विरजणात नेमकं काय असतं हे शास्त्रज्ञांनाही उशिरा कळलं. नायट्राइट पचवणारे जिवाणू म्हणून पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरचं नाव छापलं जायचं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८ साली दाखवून दिलं गेलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि तो ज्या ठिकाणी मिळाला त्यांत मत्स्यपालनाचा एक फिल्टरही होता. स्पंज देणाऱ्या म्हाताऱ्यांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्यांनी न चुकता योग्य जिवाणू हातात दिले.

ताईंचा टँक या मार्चमध्ये गॅरेजमधून बाहेर आला. त्यांच्याच गावच्या क्लबातल्या एका आजोबांनी स्पंज दिला, आणि देण्याआधी त्यांना किटली दाखवायला सांगितली. सध्या त्यांच्याकडे आठ निऑन आहेत.

माझ्याकडे या दिवाळीला दोन स्पंज तयार आहेत. मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमाला कोणाला न्यायचा असेल तर आधी कळवा. येताना झाकणाचा डबा आणा, चकलीचा नको, त्याला तेल असतं. आणि आपला पोस्टकोड तेवढा पाणी कंपनीला सांगून पाणी किती कठीण आहे ते विचारून ठेवा, म्हणजे बाकीचं बोलता येईल.